क्रमाने येणारी आशा

मराठी ख्रिस्ती घरांत एक वचन फार लाडके आहे. यिर्मयाच्या पुस्तकातला २९ वा अध्याय, ११ वे वचन. चर्चने छापलेल्या कॅलेंडरवर ते असते, परीक्षेला निघालेल्या पोराला आजी ते चिठ्ठीवर लिहून देते, आणि आता रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रासकट येऊन पडते. देवाने तुमचे भलेच योजले आहे, पुढे वाट आहे, असा त्याचा आशय. आजारपणात, नोकरी गेल्यावर, मुलीचे लग्न लांबल्यावर माणसे या वचनाला धरून राहिली आहेत.

मूळ पुस्तकात मात्र हे वचन एका पत्रात येते, आणि ते पत्र ज्यांना आले त्यांना ते गोड लागले नसणार. इसवी सन पूर्व ५९७ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जिंकले आणि तिथला राजा, सरदार, लोहार, कारागीर यांना पकडून बाबेलला नेले. दोन वर्षांत बंदिवान परत येतील, असे सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टा त्याच काळात यरुशलेमात होता. त्याची हकिकत आदल्याच अध्यायात आहे. यिर्मयाने बंदिवानांना लिहिले ते उलट. तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात डांबले गेलात त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कारण परतायला सत्तर वर्षे लागतील. सत्तर वर्षांचा हा आकडा दहाव्या वचनात आहे आणि आशेचा शब्द अकराव्यात. म्हणजे ज्या कर्त्या माणसांनी ते पत्र ऐकले, त्यांतले बहुतेक जण बाबेलच्या मातीतच जाणार होते. आशा होती, पण ती नातवंडांच्या नावावर लिहिलेली होती.

सुट्या वचनाने धीर मिळतो, हे खरेच. पण बायबल रोज आणि क्रमाने वाचणाऱ्याला अकराव्या वचनाच्या आधी दहावे वाचावे लागते. या लेखाचा विषय तेवढाच आहे: रोजच्या वाचनाने मिळते म्हणतात ती आशा आणि ते सार्वकालिक जीवन, यांचा त्या क्रमाशी काय संबंध?

तीन रोज, रविवारी पाच

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. कॅथलिक बायबलात पुस्तके ७३. १,१८९ ला ३६५ ने भागले की रोजचे सव्वातीन अध्याय येतात. म्हणून जुन्या मंडळींचा हिशेब असे: रोज तीन, रविवारी पाच, वर्षात बायबल पूर्ण. एक जानेवारीला उत्साहाने उत्पत्ती उघडली की आदाम, नोहा, अब्राहाम, योसेफ अशा गोष्टी भराभर सरतात. निर्गमात मोशे, फारो आणि दुभंगलेला समुद्र आहे. जानेवारी संपता संपता लेवीय सुरू होते आणि तिथे चरबी, गुरदे, महारोगाची तपासणी आणि शुद्धाशुद्धतेचे नियम यांत भल्याभल्यांचा संकल्प मोडतो. वार्षिक वाचन दरवर्षी सुरू करून दरवर्षी लेवीयातच थांबणारी माणसे प्रत्येक मंडळीत सापडतात, आणि ती स्वतःच हसत तसे सांगतात.

या अडचणीवर लोकांनी उपाय शोधले. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन याने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी एक तक्ता छापला. रोज चार ठिकाणचे चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा. नियमांचा रुक्ष अध्याय आला तरी शेजारी एखादे स्तोत्र किंवा शुभवर्तमान असतेच. मॅकचेन पुढच्याच वर्षी, तिशीही न गाठता, वारला. त्याचा तक्ता आज मोबाइलमधल्या बायबल अ‍ॅपांतही आहे.

त्याहून जुनी पद्धत जर्मनीतल्या हर्नहुट गावची. धर्मछळामुळे मोराविया सोडून आलेल्या कुटुंबांना काउंट झिंझेनडॉर्फ याने आपल्या जमिनीवर वसवले होते. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी त्याने जमलेल्यांना दुसऱ्या दिवसासाठी एक छोटे वचन दिले. मग हा परिपाठच पडला: रोज एक वचन घरोघरी पोचवायचे आणि दिवसभर तेच मनात घोळवायचे. १७३१ सालासाठी ही वचने पहिल्यांदा पुस्तकरूपात छापली गेली, आणि तेव्हापासून दरवर्षी निघणारी ही पुस्तिका आज पन्नासाहून अधिक भाषांत जाते. जुन्या करारातले वचन चिठ्ठी टाकून निघते आणि नव्या करारातले त्याला जुळेल असे निवडले जाते. ते निवडण्याचा हक्क वाचणाऱ्याला नसतो.

कॅथलिकांकडे ही वाट निराळ्या दिशेने आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या हाती सहज पडले पाहिजे, असे ठरवले. पाठोपाठ १९६९ मध्ये वाचनांची नवी मांडणी आली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात: एक वर्ष मत्तयचे, एक मार्कचे, एक लूकचे. इतर वारांची पहिली वाचने दोन वर्षांच्या फेऱ्यात. त्यामुळे वसईतल्या एखाद्या गावच्या देवळात सकाळच्या मिस्साला जो उतारा वाचला जातो, तोच त्या दिवशी नागपूरला, मनिलाला आणि रोमलाही वाचला जातो.

या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. आज मला काय वाचावेसे वाटते, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

पुराणिकाची मुलगी

मराठीत ख्रिस्ती ग्रंथवाचनाची सुरुवात ओवीने झाली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीत राहून मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांना ख्रिस्ताची कथा पुराण म्हणूनच ऐकायला मिळाली. पुढे दोनशे वर्षांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी भाषांतर हाती घेतले. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. मग मुंबईतल्या अमेरिकन मिशनने आपले भाषांतर केले. पुस्तक आले, पण रोज वाचणारी घरे तयार व्हायला शाळा लागल्या. नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांना अक्षराला शिवू दिले गेले नव्हते, त्यांतल्या कित्येकांच्या घरात आलेले पहिले पुस्तक म्हणजे हेच शुभवर्तमान. मिशनच्या ‘बायबलबाया’ दुपारच्या वेळी घरोघरी बसून बायकांना आधी वचने ऐकवीत आणि मग अक्षरे ओळखायला शिकवीत. त्या घरांत अध्याय वाचता येणे ही केवळ भक्ती राहिली नाही. आपण वाचू शकतो याचा तो रोजचा पुरावा होता.

पण वाचनाने माणूस कसा हळूहळू घडतो, हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे जावे लागते.

रमाबाई (१८५८–१९२२) पुराणिकाच्या घरात वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरत आणि देवळात बसून पुराण वाचीत. श्रोत्यांच्या दक्षिणेवर घर चाले. ऐकणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे असे नव्हते, ऐकण्यानेही पुण्य लागते अशी समजूत होती, असे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या वणवणीत आईवडील गेले. १८७८ मध्ये त्या भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या. तिथे एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती संस्कृत बायबल पडले. संस्कृत वाङ्मयात मुरलेल्या रमाबाईंना त्याची भाषा खडबडीत वाटली. हे वाचणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे त्यांचे मत झाले. तरी ते पुस्तक त्यांनी टाकून दिले नाही, जवळ ठेवले.

लग्नानंतर आसामातल्या सिल्चरला त्यांना घरातल्याच पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली, आणि ती त्यांनी गोडीने वाचली. १८८२ मध्ये पती वारले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या शोमरोनी बाईशी येशू भर दुपारी विहिरीवर बोलतो, ती ही गोष्ट. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण इथेही कथा संपत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत सांगितले आहे. मधे आठ वर्षे गेली होती. ती आठ वर्षे पुस्तक हातात होते, अमेरिकेचा प्रवास झाला होता, मुंबईत त्यांची ‘शारदा सदन’ ही शाळा निघून ती पुण्याला हलली होती.

संस्कृत बायबल, बंगाली पुस्तिका, इंग्लंडातली एक गोष्ट, आणि मग आठ वर्षे. विजेसारखे काही लखकन चमकले असे यात कुठेच नाही. ही वाटही आतबाहेर करणाऱ्या, शंका घेणाऱ्या बाईची आहे. बाप्तिस्म्यानंतरही त्या इंग्लंडातल्या आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींशी श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. रोज वाचणाऱ्या माणसाने प्रश्न सोडून द्यावेत अशी अट त्यांनी कधी मान्य केली नाही.

दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभे केले तेव्हा १८९६–९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या शेकडो बायका-मुली तिथे आल्या. त्यांना समजेल असे बायबल हवे, म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि आयुष्याची शेवटची अनेक वर्षे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. छापखाना आश्रमातच होता आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्या बायका करीत. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. रमाबाई काम करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ऐकणाऱ्याला न कळताही पुण्य लागते, या समजुतीत वाढलेल्या बाईने, वाचणारीला कळलेच पाहिजे, या हट्टापायी केलेले हे काम आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट त्यामानाने वेगवान. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पेन्सिल घेऊन, खुणा करत, टीकाकाराच्या नजरेने वाचायचे त्यांनी ठरवले. मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाच्या तीन अध्यायांपाशी ती नजर निवळली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत, आणि त्यांच्या अभंगांमुळे मराठी मंडळीचे वाचन कोरडे राहिले नाही. आजही पुष्कळ घरांत रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत आधी टिळकांचे भजन होते, मग अध्याय, मग प्रार्थना. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्ण केले. स्टीफन्सच्या ओवीची वाट तीनशे वर्षांनी अशी पुन्हा वाहती झाली. आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून तीच वाट वसईतून पुढे नेली. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

त्या रविवारचा उतारा

ठरलेला उतारा माणसाला काय देऊ शकतो, याचे विसाव्या शतकातले सर्वांत कठोर उदाहरण डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाचे आहे. हर्नहुटची पुस्तिका तो नेमाने वाचत असे. १९३९ च्या जूनमध्ये हिटलरच्या जर्मनीतून सुटून तो न्यूयॉर्कला पोचला. मित्रांनी त्याच्यासाठी सुरक्षित काम शोधून ठेवले होते. पण त्याचे मन लागेना. २६ जूनला त्याच्या वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटची एक किरकोळ ओळ आली: तुरुंगातला पौल आपल्या तरुण साथीदाराला हिवाळ्याआधी येऊन पोच म्हणून सांगतो. ही ओळ दिवसभर पाठ सोडत नाही, असे त्याने रोजनिशीत लिहिले. जुलैत तो परतीच्या बोटीत बसला.

इथे संशयी वाचक थांबेल, आणि त्याने थांबावे. एखादी ओळ पुढे आली म्हणून समुद्र ओलांडायचा, हा कौल लावण्याचा प्रकार झाला की काय? आपल्याकडेही वर्षाअखेरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलतात, आणि काही घरांत वचनांच्या सुरळ्या भरलेला छोटा डबा टेबलावर असतो. त्यातली चिठ्ठी भविष्यासारखी वाचली की वचनाचे पंचांग होते. बॉनहोफरचे तसे नव्हते. परत जावे की राहावे, या प्रश्नाशी तो आठवडेच्या आठवडे झगडत होता आणि परतण्याकडे त्याचे मन आधीच झुकले होते. त्या ओळीने त्याला नवी माहिती दिली नाही. जे टाळावेसे वाटत होते, ते टाळू दिले नाही.

१९४३ च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो की स्तोत्रे आपण वर्षानुवर्षे रोज वाचत आलो आहोत आणि दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाशी आपली इतकी ओळख नाही. ८ एप्रिल १९४५ ला, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी, बव्हेरियातल्या शोनबर्ग गावच्या शाळेत काही कैद्यांना थांबवले होते. सोबत्यांनी त्याला उपासना चालवायला सांगितले. बहुतेक जण कॅथलिक, एक रशियन नास्तिक. त्यामुळे तो कचरला. पण त्या रशियनानेही संमती दिली. मग त्याने स्वतःच्या आवडीचे काही न घेता त्या रविवारचे ठरलेले उतारे वाचले: यशयाच्या ५३ व्या अध्यायातले, दुसऱ्याच्या जखमांनी आपण बरे होण्याविषयीचे वचन, आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभीचे, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे मिळणाऱ्या जिवंत आशेचे वचन. उपासना संपते न संपते तोच त्याला न्यायला माणसे आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले.

आशेचा तो उतारा त्या दिवशी त्याच्यासाठी म्हणून कोणी काढलेला नव्हता. त्या दिवसासाठी तो आधीच ठरलेला होता, आणि बॉनहोफर त्याला आधीपासून ओळखत होता.

फलश्रुती कुठे आहे?

नित्यपाठ काय असतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हरिपाठ आहे, ज्ञानेश्वरीचे पारायण आहे, गुरुचरित्राचा सप्ताह आहे. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. बायबलात ती शोधायला गेले तर हाताला उलटसुलट गोष्टी लागतात. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, पण जे ऐकले ते पाळण्याची अट तिथेच जोडलेली आहे. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात सांगतो की हे लिहिले ते वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा आणि त्याला जीवन मिळावे म्हणून. आणि त्याच योहानाच्या पाचव्या अध्यायात खुद्द येशू शास्त्र कोळून प्यालेल्यांना फटकारतो. शास्त्रात सार्वकालिक जीवन आहे असे समजून तुम्ही ते धुंडाळता; पण शास्त्र माझ्याविषयी सांगते आहे आणि तुम्ही माझ्याकडे येत नाही, असा त्याचा रोख आहे.

रोजच्या वाचनाचा सगळा प्रश्न या एका जागी येऊन ठेपतो. जीवन पानांत नाही. पाने एका माणसाकडे बोट दाखवतात. पुढे सतराव्या अध्यायात येशू प्रार्थना करताना सार्वकालिक जीवन म्हणजे काय ते सांगतो: देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणे. मेल्यानंतर मिळणाऱ्या अमर्याद वर्षांचा हिशेब तिथे नाही. ओळख आजच सुरू होते आणि मरणाने तुटत नाही, असा ख्रिस्ती विश्वास आहे.

असे असेल तर वाचन रोजचे का, हेही उलगडते. ओळख एका बैठकीत होत नाही. ज्याला ओळखायचे त्याचे आपल्याला न रुचणारे बोलणेही ऐकावे लागते. क्रमाने वाचणाऱ्याला डोंगरावरचे प्रवचन मिळते तसाच मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणारा येशूही मिळतो. ईयोबाच्या बेचाळीस अध्यायांत त्याची तक्रार मिळते आणि शेवटी देव तिचे थेट उत्तर देत नाही, हेही मिळते. विलापगीतात उद्ध्वस्त शहराचा आक्रोश पाच अध्याय चालतो. दया रोज सकाळी नवी होते असे म्हणणारी जागा त्यात बरोबर मधल्या, तिसऱ्या अध्यायात आहे, आणि तिच्यानंतर पुन्हा आक्रोश आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. कॅलेंडर छापणारा हे स्तोत्र निवडणार नाही. वाचनाचा तक्ता मात्र ते गाळत नाही, आणि ज्या दिवशी वाचणाऱ्याच्या मनात तोच अंधार असतो त्या दिवशी, आपल्याआधी कोणीतरी हे देवासमोर बोलून गेले आहे, एवढे त्याला कळते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने आशेची जागा दाखवली आहे: आधी संकट, मग धीर, मग धीराने आलेला कस, आणि त्यानंतर आशा.

कोणाला सुरुवात करायची असेल तर जुनी जाणती माणसे उत्पत्तीपासून नको म्हणतात. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे. रोज एक घेतला तर सोळा दिवसांत होते. मग योहान, मग रोज एक स्तोत्र. आणि जमल्यास एकट्याने नको. प्रेषितांच्या कृत्यांत आपल्या रथात यशया वाचत निघालेल्या एका इथिओपियाच्या दरबाऱ्याला फिलिप विचारतो, वाचतोस ते कळते का? कोणी सांगितल्यावाचून कसे कळेल, असे तो उत्तरतो. कौटुंबिक उपासनेत मोठ्याने वाचण्याचा फायदा हाच; घरातला एखादा लहान प्रश्न विचारतो आणि मोठ्यांना उत्तर येत नाही.

ख्रिस्ती दफनविधीत २३ वे स्तोत्र बहुधा वाचले जातेच. मेंढपाळाचे, हिरव्या कुरणांचे, मरणाच्या दरीतून सोबत चालणाऱ्याचे ते स्तोत्र बायबल कधी न उघडणाऱ्यांनाही ठाऊक असते आणि त्याने त्यांना बरे वाटते. रोज वाचणारा त्या स्तोत्रापाशी २२ व्यातून आलेला असतो. देवाने मला का टाकले, अशा हाकेने ते २२ वे सुरू होते, आणि मत्तय व मार्क सांगतात की वधस्तंभावर येशूने तीच हाक मारली. ती हाक वाचल्यानंतर जो मेंढपाळावर विश्वास ठेवतो, त्याच्या आशेला दुःख नाकारण्याची गरज उरत नाही. म्हणूनच ती टिकते.